तार होती, नेट नव्हते

2006 साली मी हॉस्टेलला होतो. बहिणीचा बारावीचा निकाल मी कॉलेजच्या लॅबमध्ये नेटवर पाहिला आणि गावी फोन लावून एकेका विषयाचे मार्क वाचून दाखवले. ती लिहून घेत होती. (फिजिक्सचे दोनदा वाचावे लागले, तिचा विश्वासच बसेना.) फोन ठेवल्यावर डोक्यात आले, की याच तारेतून तिला निकाल स्वतः बघता आला असता.

कसे? बोलण्याला तारेतली जेमतेम 4 किलोहर्ट्झपर्यंतची जागा लागते. एडीएसएल त्याच्या वरची, सुमारे 1.1 मेगाहर्ट्झपर्यंतची जागा डेटासाठी वापरते. घरी स्प्लिटर बसवला की फोनही चालू, नेटही चालू. फक्त एक्स्चेंज फार लांब नको, कारण तांब्याच्या तारेत अंतर वाढले की वरच्या फ्रिक्वेन्सी आधी क्षीण होतात. शिवाय एक्स्चेंजमध्ये डीस्लॅम नावाचे यंत्र हवे. म्हणजे नवी तार टाकायची नव्हती, यंत्र बसवणारा हवा होता.

इथे धोरण आडवे येते. 2004 मध्ये देशात सुमारे 4 कोटी लँडलाइन होत्या, बहुतेक सरकारी कंपन्यांच्या. त्या वर्षी ट्रायने शिफारस केली, की ही तार भाड्याने इतर कंपन्यांनाही वापरू द्यावी. याला लोकल लूप अनबंडलिंग म्हणतात. ऑक्टोबर 2004 च्या ब्रॉडबँड धोरणाने मात्र ते सक्तीचे केले नाही, आपसात ठरवा म्हटले. आता तार ज्याच्या हातात, तो स्पर्धकाशी आपसात काय ठरवणार? खर्च करून तार टाकणाऱ्याने ती दुसऱ्याला का द्यावी, हा प्रश्न चुकीचा नाही म्हणा. पण योग्य भाडे ठरवून तो सोडवता आला असता, असे मला वाटते. धोरणात ब्रॉडबँड म्हणजे किमान 256 केबीपीएस, आणि लक्ष्य 2010 पर्यंत 2 कोटी ग्राहक. 2010 संपले तेव्हा सुमारे 1 कोटी 10 लाखच झाले होते.

मोबाइलचे उलटे झाले. 1999 च्या धोरणाने ठोक लायसन्स फीऐवजी उत्पन्नातला वाटा घ्यायला सुरुवात केली. एकाच भागात अनेक कंपन्या भांडू लागल्या, कॉल स्वस्त झाले. डेटा खरा स्वस्त झाला तो 2016 मध्ये जिओ आल्यावर. आज देशातली बहुतेक ब्रॉडबँड कनेक्शन मोबाइलवरच आहेत.

गावच्या घरी ती तार अजून आहे. आई तिच्यावर टॉवेल वाळत घालते.