भिंतीपलीकडील लहरी

१८९५ साली कलकत्त्यात जगदीशचंद्र बसूंनी बिनतारी विद्युत्-लहरींनी भिंतीपलीकडील घंटा वाजवून दाखवली. आजचे वाय-फायही अशाच लहरींवर चालते. परंतु नागपुरात वैशाख तापला आहे, प्रवेशअर्जाची अखेरची घटका आली आहे, आणि लॅपटॉप वाय-फायशी जोडलाच जात नाही, तर काय करावे? प्रथम त्याच जागी मोबाइल जोडून पाहावा. तो जोडला गेला, तर दोष लॅपटॉपचा. पुष्कळदा ‘एअरप्लेन मोड’ची कळ चुकून दाबलेली असते. मोबाइलही अडला, तर तो राउटरजवळ न्यावा. तेथेही जोडला न गेल्यास राउटर अर्धा मिनिट बंद ठेवून पुन्हा सुरू करावा. तेथे जोडला गेला, तर मात्र अपराधी वाटेतच उभा असतो. कधी कधी तो कूलर निघतो! त्याचा पत्रा लहरी परतवतो, पाणी त्या शोषून घेते. राउटर उंच फळीवर ठेवला, की लहरींना वाट मिळते.