दिनकर केळकरांचा ठेवा

मंडळी, एकदा आपल्या माळ्यावर चढून बघा. काय काय निघेल! आजीचा अडकित्ता, पितळी समई, चुन्याची डबी, पाय घासायची वज्री. आपण म्हणतो, "ही अडगळ. द्या मोडीत." मोडवाला वजन करतो, पैसे हातावर ठेवतो आणि वस्तू भट्टीत जाते.

पुण्यात एका माणसाला ही अडगळ सोन्यासारखी वाटे. त्यांचे नाव दिनकर गंगाधर केळकर. जन्म १८९६ सालचा. लोक त्यांना काका म्हणत. ते कवी होते. 'अज्ञातवासी' या नावाने ते कविता लिहीत.

सुमारे १९२० पासून काकांना जुन्या वस्तू जमवण्याचा नाद लागला. त्यासाठी ते गावोगाव हिंडले. दिवे, भांडी, वाद्ये, दौती, पानाचे डबे, कोरीव दारे, जे मिळेल ते त्यांनी आणले. पत्नी कमलाबाई यांचीही त्यांना साथ होती.

काकांना एकच मुलगा होता. त्याचे नाव राजा. तो लहानपणीच वारला. पोर गेले की घर सुने होते. ते दुःख काय असते, हे आपल्याला सांगायला नको. पण काकांनी हाती घेतलेले काम सोडले नाही. सारा संग्रह त्यांनी राजाच्या नावाने ठेवला. १९६० पर्यंत सुमारे १५,००० वस्तू जमल्या होत्या. पुढे हा ठेवा त्यांनी महाराष्ट्र सरकारच्या स्वाधीन केला. १९९० साली काका वारले.

पुण्यातले 'राजा दिनकर केळकर संग्रहालय' ते हेच. तिथे अडकित्ते बघा. कुणाला पक्ष्याचा आकार, कुणाला घोड्याचा. सुपारी तर साध्या अडकित्त्यानेही फुटते. मग एवढी मेहनत का? कारण करणाऱ्याचा जीव त्या कामात रमला होता. त्या कारागिराचे नाव वस्तूवर नाही. वस्तू हीच त्याची आठवण. ती वितळली की पितळ उरते, पण त्याची कला जाते. ती पुन्हा विकत मिळत नाही.

आपल्याला काही संग्रहालय काढायचे नाही. पण एक गोष्ट करता येईल. जुनी वस्तू मोडीत घालण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. ही कुणाची? कुणी घडवली? कशासाठी वापरत? ते सांगतील ते कागदावर उतरवून ठेवा. आता तुम्हाला लिहिता येते. म्हातारी माणसे जन्माला पुरत नाहीत. लिहिलेले मागे राहते.

प्रश्न
१. काकांनी संग्रहाला कुणाचे नाव दिले? का?
२. वस्तू वितळली की काय जाते?
३. तुमच्या घरातल्या एका जुन्या वस्तूविषयी चार ओळी लिहा.