जास्वंद आणि कण्हेर

घर लहान असो की मोठे, दारात एखादे फुलझाड असले की घराला शोभा येते. सकाळी देवाला दोन फुले मिळतात. आपल्याकडे गावोगाव दिसणारी अशी दोन झाडे आहेत. एक जास्वंद आणि दुसरी कण्हेर. जास्वंद गणपतीला वाहतात, कण्हेर शंकराला. दोन्ही झाडे फांदीपासून होतात. दोन्हींना ऊन हवे असते. म्हणून पुष्कळ जण म्हणतात, "दोन्ही सारखीच. हाताला लागेल ती फांदी लावावी!"

पण मंडळी, तसे नाही. या दोन झाडांत मोठा फरक आहे. एकीला पाणी फार लागते. दुसरीच्या पानापानात विष आहे. कोणती कुठे लावायची हे कळले नाही, तर एक झाड उन्हाळ्यात वाळून जाईल आणि दुसरे गोठ्यातल्या गाईच्या जिवावर उठेल. म्हणून आज आपण दोघींची नीट ओळख करून घेऊ.

१. ओळखायची कशी?

जास्वंदीचे पान रुंद व हिरवेगार असते. पानाच्या कडेला करवतीसारखे दाते असतात. फुलाला पाच मोठ्या पाकळ्या असतात आणि मधून एक लांब दांडी बाहेर येते. काही जातींत पाकळ्या दाट असतात, तिला आपण डबल जास्वंद म्हणतो. बहुधा फूल सकाळी उमलते आणि संध्याकाळी मिटते. एका फुलाचे आयुष्य साधारण एक दिवसाचे. पण दुसऱ्या दिवशी नवी कळी तयार असते.

कण्हेरीचे पान लांब, अरुंद व जाड असते. हाताला चामड्यासारखे लागते. बहुधा फांदीच्या एकाच जागी तीन-तीन पाने फुटलेली दिसतात. फुले झुपक्याने येतात. ती पांढरी, गुलाबी किंवा लाल असतात. एवढे ध्यानात ठेवले की चूक होणार नाही.

पिवळ्या फुलांचे एक झाड असते, त्याला बिट्टी म्हणतात. काही लोक त्यालाच पिवळी कण्हेर म्हणतात. ते झाड वेगळे, पण तेही विषारीच. त्याच्या बिया तर फारच वाईट. लहान मुलं त्या बिया खेळायला घेतात. घेऊ देऊ नका.

२. पाणी कोणाला किती?

जास्वंदीला ओल लागते. ऊन तापू लागले आणि पाणी चुकले, तर तिची पाने माना टाकतात. कळ्या न उमलताच गळून पडतात. जमिनीत लावलेल्या जास्वंदीला उन्हाळ्यात दर तीन-चार दिवसांनी पाणी द्यावे. कुंडीत असेल तर रोज द्यावे. तांदूळ धुतलेले, भाजी धुतलेले पाणी तिच्या बुडाशी ओतावे. वेगळे पाणी आणायला नको. पण पाणी साचूही देऊ नये. बुडात चिखल राहिला की मुळे कुजतात आणि पाने पिवळी पडतात.

कण्हेर फार काटक. पहिल्या वर्षी आठवड्यातून एकदा पाणी मिळाले की ती मूळ धरते. पुढे तिला फारसे बघावे लागत नाही. असे का? तिचे पान जाड असते. पानाला श्वास घ्यायला बारीक छिद्रे असतात. ही छिद्रे पानाच्या खालच्या बाजूला, छोट्या खळग्यांत लपलेली असतात आणि त्या खळग्यांत बारीक लव असते. त्यामुळे उन्हाने पानातले पाणी लवकर उडून जात नाही. म्हणून तर मोठ्या रस्त्यांच्या मधल्या पट्ट्यात कण्हेर लावतात. तिथे धूळ, धूर आणि ऊन यांतही ती फुलते.

जपानात हिरोशिमा नावाचे शहर आहे. १९४५ साली त्यावर अणुबाँब पडला. त्या राखेत सुरुवातीला जी झाडे फुलली, त्यांत कण्हेर होती असे तिथले लोक सांगतात. आज कण्हेर हे त्या शहराचे मानाचे फूल आहे. इतकी ती चिवट!

३. जमीन आणि लागण

जास्वंदीला निचऱ्याची, खत घातलेली जमीन हवी. दीड फूट लांब, रुंद व खोल खड्डा घ्यावा. त्यात माती आणि दोन घमेली कुजलेले शेणखत भरावे. कण्हेर मुरमाड जमिनीतही येते. थोड्या खारवट जमिनीतही तग धरते.

फांदी लावायला पावसाळ्याची सुरुवात चांगली. पेन्सिलीएवढी जाड, एक वीत लांब फांदी घ्यावी. खालची पाने काढावीत. दोन डोळे मातीत जातील अशी ती रोवावी. महिना-दीड महिन्यात मुळे फुटतात. दोन झाडांत चार-पाच फूट अंतर ठेवावे. जास्वंदीची फुले नव्या फुटीवर येतात. म्हणून वर्षातून एकदा हलकी छाटणी करावी. तिच्या शेंड्यांवर पांढरी, कापसासारखी कीड बसते. दिसताच फांदीचा तेवढा भाग काढून टाकावा आणि बाकीचे झाड पाण्याच्या जोराच्या धारेने धुवावे.

४. विषाची गोष्ट

आता मुख्य गोष्ट ऐका. कण्हेरीचे पान, फूल, साल, मूळ, सगळे विषारी आहे. ते विष हृदयावर घाव घालते. माणसाला उलट्या होतात, पोटात कळा येतात, चक्कर येते, नाडी मंद व अडखळत चालते. जीवही जातो.

कोणी म्हणेल, "गुरुजी, आमच्या शेळ्या तर कण्हेरीला तोंडही लावत नाहीत!" खरे आहे. ओले पान कडू असते, म्हणून जनावर ते सहसा टाळते. कुंपणाला लोक कण्हेर लावतात ते याचसाठी. पण धोका पुढे आहे. कुंपण छाटले जाते. फांद्या बांधावर पडून राहतात. पाने वाळतात आणि गवतात, कडब्यात मिसळतात. मग जनावर ती चाऱ्याबरोबर खाऊन टाकते. वाळल्यावर कण्हेरीचे विष जात नाही. भुकेले जनावर तर ओला पालाही खाऊन टाकते. थोडी पाने पोटात गेली तरी मोठी गाय दगावू शकते. ज्या घरी एकच गाय आहे, त्या घराचे दूध गेले आणि पैसाही गेला.

जास्वंदीचे तसे नाही. तिचा पाला शेळ्या आवडीने खातात. तिची भीती नाही, उलट तिलाच शेळीपासून सांभाळावे लागते!

म्हणून कण्हेर असेल तर एवढे पाळा :

छाटलेल्या फांद्या उघड्यावर टाकू नका. खोल खड्डा करून पुरा. जाळू नका, तिचा धूरही बाधतो. तिची काडी दात घासायला, चुलीला किंवा कणीस भाजायला घेऊ नका. छाटणी झाली की हात साबणाने धुवा. ज्या तांब्यात तिची फुले ठेवली, त्यातले पाणी पिऊ नका. देवाला फूल वाहा, पण ते प्रसादात व तीर्थात पडू देऊ नका. केरळात २०२४ साली मे महिन्यात त्रावणकोर देवस्वम मंडळाने आपल्या देवळांत नैवेद्य व प्रसादासाठी हे फूल वापरायचे बंद केले. देवाच्या दारीही काळजी घ्यावीच लागते.

वैद्य कण्हेरीचा औषधात उपयोग करतात हे आपण ऐकतो. ते काम जाणत्याचे. घरी काढा करून पिऊ नये आणि कोणाला देऊही नये.

चुकून कोणाच्या पोटात गेलेच, तर घरचे उपाय करीत बसू नका. १०८ नंबरवर फोन करून गाडी बोलवा आणि दवाखाना गाठा. सोबत त्या झाडाची एक फांदी न्या, म्हणजे डॉक्टरांना लगेच कळेल. जनावराने खाल्ले असेल तर गुरांच्या डॉक्टरला ताबडतोब बोलवा.

५. मग लावायचे कोणते?

दारात, तुळशीजवळ, जिथे रोज थोडे पाणी पडते आणि मुलं खेळतात, तिथे जास्वंद लावा. गोठा, चाऱ्याची गंजी, विहीर, शाळा, अंगणवाडी यांच्या आसपास कण्हेर लावू नका. लांबच्या माळावर, जिथे पाणी नाही आणि गुरे बांधत नाहीत, तिथे कण्हेर चालेल. आधीपासून असलेले झाड रागाने तोडायला नको. ते कोणाच्या तोंडाला लागणार नाही, एवढे बघा.

कोणतेही झाड लावताना आपण फूल बघतो. आम्ही सांगतो, फुलाबरोबर आणखी दोन गोष्टी बघा. त्याला पाणी कोण घालणार? आणि त्याचा पाला कोण खाणार? या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली, की मग खुशाल खड्डा घ्या.

सांगा पाहू

१. जास्वंदीचे व कण्हेरीचे पान कसे ओळखाल?
२. कण्हेर कमी पाण्यावर का जगते?
३. छाटलेल्या कण्हेरीचे काय कराल? काय करणार नाही?
४. तुमच्या गोठ्याजवळ कोणकोणती झाडे आहेत? त्यांची नावे वहीत लिहा.

आज घरी गेल्यावर हा धडा घरातल्या माणसांना मोठ्याने वाचून दाखवा. गुरे राखायला जाणाऱ्या मुलांना तर जरूर ऐकवा.