केदारनाथची चढण आणि विरळ हवा : यात्रेकरूंसाठी माहिती

मे महिन्याच्या सुटीत महाराष्ट्रातून सहकुटुंब केदारनाथच्या दर्शनास जाणाऱ्या भाविकांची संख्या मोठी असते. गरम कपडे, फराळाचे डबे, गाडीचे आरक्षण यांची तयारी महिनाभर आधीपासून चालते. उंचीचा विचार मात्र फारच थोडे जण करतात. २०२२ च्या यात्राकाळात चारही धामांत मिळून दोनशेहून अधिक यात्रेकरू मृत्युमुखी पडले. त्यांतील बहुतेक मृत्यू दरीत कोसळून झालेले नव्हते. हृदयविकार आणि विरळ हवेचा त्रास ही त्यांची मुख्य कारणे होती.

महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे. केदारनाथची पायवाट जेथून सुरू होते ते गौरीकुंडच सुमारे १,९८० मीटरवर आहे. म्हणजे आपल्या राज्यातील सर्वांत उंच माथ्याच्याही वर उभे राहून ही चढण आरंभावी लागते. पुढे सुमारे १६ किलोमीटर चालल्यावर भाविक ३,५८३ मीटरवरील मंदिरापाशी पोहोचतो. तेथे हवेचा दाब कमी असल्यामुळे प्रत्येक श्वासाबरोबर मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन तृतीयांश असतो. शरीर या उणिवेशी जुळवून घेते, परंतु त्यास काही दिवसांचा अवधी लागतो. पूर्वीचे यात्रेकरू हरिद्वार-ऋषिकेशहून पायी निघत व त्यांना हा अवधी आपोआपच मिळे. आज मोटारीने दोन दिवसांत, तर हेलिकॉप्टरने काही मिनिटांत आपण वर जातो. हेलिकॉप्टरचा प्रवास वृद्धांना सोयीचा असला तरी तो पायांचे श्रम वाचवतो, फुप्फुसांचे नव्हे, हे ध्यानात घ्यावे.

म्हणून गुप्तकाशी किंवा सोनप्रयाग येथे किमान एक, शक्य तर दोन रात्री मुक्काम करावा. चारही धामांची यात्रा करणाऱ्यांनी यमुनोत्री, गंगोत्री, केदारनाथ, बद्रीनाथ हा परंपरागत क्रम पाळल्यास केदारनाथपूर्वीच शरीरास उंचीची थोडीफार सवय होते. मधुमेह, रक्तदाब, दमा अथवा हृदयविकार असलेल्यांनी निघण्यापूर्वी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी आणि चालू औषधे यात्रेत एकही दिवस बंद ठेवू नयेत. उंचीचा त्रास टाळण्यासाठी ॲसिटाझोलामाइड नावाची गोळी दिली जाते. ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावी. सल्फा औषधांची ॲलर्जी असल्यास तसे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. झोपेच्या गोळ्या वर घेऊ नयेत, त्यांनी श्वास अधिकच मंदावतो.

डोकेदुखी हे या त्रासाचे पहिले लक्षण होय. तिच्या जोडीला मळमळ, भूक मंदावणे, चक्कर, विलक्षण थकवा किंवा झोप न लागणे यांपैकी काही जाणवले, तर पुढे चढू नये. जेथे आहोत तेथेच विश्रांती घ्यावी आणि बरे वाटले नाही तर खाली उतरावे. स्वस्थ बसलेले असतानाही धाप लागणे, सतत खोकला, ओठ निळसर होणे, असंबद्ध बोलणे, सरळ रेषेत चालताना तोल जाणे ही लक्षणे गंभीर आहेत. अशा वेळी सकाळ होण्याची वाट पाहू नये. जवळच्या वैद्यकीय केंद्रात प्राणवायू द्यावा आणि रुग्णास तातडीने खाली नेण्याची व्यवस्था करावी. तीनशे ते हजार मीटर खाली आणताच पुष्कळदा आराम पडू लागतो. बाजारात मिळणारा प्राणवायूचा छोटा डबा काही मिनिटेच पुरतो. त्याच्या भरवशावर वर थांबणे घातक ठरू शकते.

कापराविषयी येथे स्वतंत्रपणे सांगणे आवश्यक वाटते. आपल्याकडील बहुतेक यात्रेकरूंच्या रुमालात कापराची पुडी असते. तो हुंगल्याने नाक मोकळे झाल्यासारखे वाटते, परंतु रक्तातील प्राणवायू त्याने वाढत नाही. कापूर पोटात गेल्यास, विशेषतः लहान मुलांना, झटके येऊ शकतात. म्हणून तो मुलांच्या हाती मुळीच देऊ नये.

दर्शन होईपर्यंत अन्नपाणी न घेण्याचा अनेकांचा नेम असतो. त्यामागील भाव आदरणीय असला तरी आठ-दहा तासांच्या चढणीत तो शरीरास झेपत नाही, आणि इन्सुलिन घेणाऱ्यांच्या तर जिवावर बेतू शकतो. गूळ-शेंगदाणे, खजूर, राजगिऱ्याचे लाडू उपवासालाही चालतात. ते वाटेत थोडे थोडे खात राहावे. वाटेत स्वच्छतागृह मिळेल की नाही या काळजीने अनेक भगिनी पाणी पिणेच टाळतात. त्याने डोकेदुखी व थकवा वाढतो आणि तो उंचीचा त्रास की पाण्याची कमतरता, हेही कळेनासे होते. पाणी उकळलेले अथवा सीलबंद बाटलीतीलच असावे.

दुपारनंतर पावसाचा संभव अधिक असल्याने पहाटे निघणे श्रेयस्कर. भिजलेले सुती कपडे अंगावर तसेच ठेवल्यास शरीराचे तापमान झपाट्याने उतरते. लोकरी कपड्यांचा व मोज्यांचा एक कोरडा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत निराळा ठेवावा. खेचरे जवळून जात असता दरीच्या बाजूस न सरकता डोंगराच्या अंगाला उभे राहावे.

ज्येष्ठांना एकटे पुढे किंवा मागे सोडू नये. वृद्ध मंडळी, ‘माझ्यामुळे सर्वांचे दर्शन चुकेल’ या संकोचाने त्रास बोलून दाखवत नाहीत. तरुणांनी दर तासाला थांबून त्यांची विचारपूस करावी आणि परत उतरण्याचा निर्णय त्यांच्यावर न सोपवता स्वतः घ्यावा. जो उतरेल त्याच्यासोबत कुटुंबातील एक जाणता माणूस उतरावा. प्रत्येकाच्या खिशात नाव, रक्तगट, चालू औषधे आणि घरचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी यात्रा-नोंदणीच्या कागदासोबत असावी. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक उपलब्ध आहे.