टँकमधला दादा कोण?

वाचण्याआधी

‘दादा’ म्हणजे मोठा भाऊ, हे तुम्हाला माहीत आहे. पण मराठीत ‘दादा’ शब्दाचा आणखी एक अर्थ आहे. जो सगळ्यांना दमात घेतो, त्यालाही ‘दादा’ म्हणतात. त्याच्या वागण्याला म्हणतात ‘दादागिरी’. या पाठातला दादा दुसऱ्या प्रकारचा आहे. तो कोण, हे तुम्हीच शोधायचं आहे.

पाठ

मुसफ्फा हा अबू धाबीचा कारखान्यांचा आणि गॅरेजांचा भाग. त्याला लागूनच शाबिया आहे. तिथल्या इमारतींमध्ये बरीच भारतीय कुटुंबं राहतात. समजा, अशाच एका मराठी घरात खाऱ्या पाण्याचा चार फुटी फिश टँक आहे. त्यात चार प्रकारचे मासे आहेत.

१. क्लाउनफिशची जोडी : नारिंगी अंगावर पांढरे पट्टे. यातली मोठी असते ती मादी.
२. लॉनमोअर ब्लेनी : तपकिरी, जाड ओठांचा, डोळे वटारून बघणारा. दगडावरचं शेवाळ खातो.
३. डॉमिनो डॅमसेल : काळाकुळकुळीत. कपाळावर एक आणि दोन्ही बाजूंना एकेक पांढरा ठिपका. सर्वांत लहान, चार सेंटिमीटरचा.
४. फायरफिश : पुढून पांढरट, शेपटीकडे लालभडक. स्वभावाने भित्रा. मागच्याच आठवड्यात दुकानातून आणलेला.

तीन दिवस झाले, फायरफिश दगडामागून बाहेर येत नाही. नीट खात नाही. त्याच्या शेपटीची कड फाटली आहे.

धाकटा भाऊ : ताई, हे त्या ब्लेनीचंच काम! बघ ना, कसा गुंडासारखा दिसतो.
ताई : अरे, तोंड बघून कोणी गुन्हेगार ठरवतं का?
भाऊ : मग कोण? क्लाउनफिश तर किती गोड आहेत! निमोसारखे.
आजी : बाळा, दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं. आधी नीट बघा दोघं. नाहीतर चोर सोडून संन्याशाला फाशी व्हायची.

आजीचं बरोबर आहे. चुकीचा मासा बाहेर काढला, तर त्याला विनाकारण त्रास होईल आणि फायरफिशचा छळही थांबणार नाही. घाबरलेला फायरफिश पाण्याबाहेर उडी मारतो. टँकवर झाकण नसेल, तर सकाळी तो जमिनीवर मेलेला सापडू शकतो. म्हणून शोध लवकर लावायला हवा, पण नीट लावायला हवा.

पहिलं पाऊल : आधी पाणी तपासा

पर फाटले म्हणजे कोणी चावलंच असं नाही. पाणी खराब असलं तरी पर झडतात. पाण्यात अमोनिया आणि नायट्राइट शून्य हवेत. तापमान साधारण २४ ते २६ अंश सेल्सिअस हवं. अबू धाबीच्या उन्हाळ्यात घरातला एसी बंद पडला, की टँकचं पाणी भराभर तापतं. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी असतो, त्यामुळे मासे धापा टाकतात.

ताईने पाणी तपासलं. सगळं ठीक होतं. म्हणजे दोष पाण्याचा नव्हता.

दुसरं पाऊल : जखम बघा

जखमही काहीतरी सांगते. परांची कड कुरतडलेली असेल, तर लहान तोंडाच्या माशाने चावे घेतले असतील. अंगावर सुरी फिरवल्यासारखा ओरखडा असेल, तर सर्जन माशावर संशय घ्यावा. त्याच्या शेपटीच्या मुळाशी धारदार काटा असतो. आपल्या आखातातला सोहाल हा मासा त्याच जातीचा. तो मोठा होतो आणि भांडखोर म्हणून प्रसिद्ध आहे. आणि मासा रातोरात गायबच झाला, तर त्याला कोणीतरी गिळलं असेल, किंवा तो उडी मारून बाहेर पडला असेल.

इथे परांची कड कुरतडलेली आहे. टँकमध्ये सर्जन मासा नाही.

तिसरं पाऊल : गप्प बसून बघा

आपण टँकजवळ गेलो, की मासे भांडण विसरून खाणं मागायला पुढे येतात. म्हणून थोडं लांब बसायचं, हलायचं नाही, वीस मिनिटं बघायचं. भावंडांनी वहीत असं लिहिलं :

सकाळी, दिवे लागल्यावर : डॅमसेल फायरफिशच्या मागे लागला, सहा वेळा. टँकच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.
खाणं टाकल्यावर : ब्लेनीने फायरफिशला एकदा ढकललं. डॅमसेल पाच वेळा मागे लागला.
संध्याकाळी : फायरफिश क्लाउनफिशच्या कोपऱ्यात गेला. मादीने त्याला एकदा हाकललं आणि परत फिरली.
रात्री, लाल टॉर्च लावून : सगळं शांत. दगडातून ‘टक् टक्’ आवाज नाही.

(रात्री का बघायचं? दगडांबरोबर कधीकधी मँटिस श्रिंप लपून येतो. तो माशांना मारतो आणि त्याच्या फटक्याचा आवाज काचेबाहेरही ऐकू येतो.)

थांबा! पुढे वाचू नका. वही पुन्हा वाचा आणि तुमचं उत्तर लिहा.

उत्तर आणि त्याचं कारण

दादा आहे डॉमिनो डॅमसेल. टँकमधला सर्वांत लहान मासा!

ब्लेनीने आणि क्लाउनफिशच्या मादीनेही फायरफिशला पळवलं, हे खरं. पण एकदा हाकलणं वेगळं आणि सतत छळणं वेगळं. मादीने फक्त आपला कोपरा राखला. डॅमसेलला मात्र सगळा टँकच आपला वाटतो. ‘बळी तो कान पिळी’ अशी म्हण आहे, पण इथे बळापेक्षा जागा महत्त्वाची ठरली. डॅमसेल टँकमध्ये आधी आला, त्याने दगड ताब्यात घेतले. फायरफिश नंतर आला. डॅमसेलच्या दृष्टीने तो घुसखोर.

मग डॅमसेल वाईट आहे का? नाही. प्रवाळात अन्न आणि लपायच्या जागा मोजक्याच असतात. जो आपली जागा राखतो, तोच जगतो. ऑस्ट्रियाचे शास्त्रज्ञ कॉनराड लोरेन्झ यांनी अशा रंगीत माशांची भांडणं टँकमध्ये पाहिली आणि १९६३ साली आक्रमकतेवर पुस्तक लिहिलं. १९७३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. समुद्रात हरलेला मासा दूर पळून जातो आणि भांडण संपतं. चार फुटांच्या काचेत पळायचं कुठे?

आजी म्हणाली, “पाण्यात राहून माशाशी वैर करू नये, असं आपण म्हणतो. या बिचाऱ्या फायरफिशने तर वैर केलंच नाही!”

आता काय करायचं?

• टँकवर जाळीचं झाकण लावा.
• दगडांची जागा बदला. डॅमसेलच्या ओळखीच्या खुणा पुसल्या जातात. सगळ्यांनाच नवीन घर शोधावं लागतं.
• डॅमसेलला काही दिवस त्याच टँकमध्ये, भोकं असलेल्या पारदर्शक डब्यात ठेवा. तेवढ्यात फायरफिश आपली जागा शोधतो.
• तरीही छळ थांबला नाही, तर डॅमसेल दुकानदाराला परत द्या. हा मासा जाळ्यात सहज सापडत नाही. प्लास्टिकच्या बाटलीचं तोंड कापून उलटं बसवा आणि आत खाणं ठेवा. तो आपणहून आत जातो.
• पुढच्या वेळी भांडखोर मासा सर्वांत शेवटी आणा.

आणि एक गोष्ट कधीच करू नका : नको असलेला मासा समुद्रात सोडू नका. हिंदी आणि प्रशांत महासागरातला लायनफिश १९८५ साली अमेरिकेत फ्लोरिडाजवळ दिसला. लोकांनी टँकमधले मासे समुद्रात सोडल्यामुळे तो तिथे पोचला, असं शास्त्रज्ञ मानतात. आज तो तिथल्या लहान माशांचा फडशा पाडतो.

शब्दार्थ

दमात घेणे – धाक दाखवणे
डोळे वटारणे – रागाने मोठे डोळे करून बघणे
पर – माशाचे पोहण्याचे अवयव
कुरतडणे – थोडं थोडं चावून तोडणे
घुसखोर – परवानगी नसताना आत शिरणारा
फडशा पाडणे – सगळं खाऊन टाकणे

बोलतो तसं, लिहितो तसं

‘कोणी मारलं?’ असं आपण बोलतो. ‘कोणी मारले?’ असं बऱ्याच पुस्तकांत लिहिलेलं असतं. पाठातून अशी पाच वाक्यं शोधा आणि पुस्तकी भाषेत लिहा.

प्रश्न

१. भावाला ब्लेनीचा संशय का आला? ते कारण पुरेसं होतं का?
२. पाणी आधी का तपासायचं?
३. क्लाउनफिशच्या मादीने फायरफिशला हाकललं, तरी ती ‘दादा’ का नाही?
४. ‘चोर सोडून संन्याशाला फाशी’ ही म्हण शोभेल असा शाळेतला एक प्रसंग पाच ओळींत लिहा.
५. घरच्यांना विचारा : त्यांच्या गावाकडच्या कोणत्या माशांची नावं त्यांना माहीत आहेत? यादी करून वर्गात वाचून दाखवा.