मटणाचा कोरडा मसाला

मंडळी, आज आपण मसाल्याचा धडा वाचू. हा धडा नुसता वाचायचा नाही. घरी करूनही पाहायचा आहे.

आमच्या रात्रीच्या वर्गाला एक आप्पा येतात. वय साठीच्या पुढे. शेतकरी माणूस. गेल्या वर्षी त्यांना मधुमेह असल्याचे निघाले. डॉक्टरांनी सांगितले, "साखर आणि गूळ बंद करा." आप्पांनी चहातली साखर सोडली. सणाची पुरणपोळीही बाजूला सारली. माणूस जिद्दीचा.

एके दिवशी ते पिशवीतून एक पाकीट घेऊन आले. मटणाला चोळायचा तयार मसाला होता. पाकिटावरचा मजकूर हिंदी होता, पण अक्षरे आपलीच होती. आप्पांनी बोट ठेवून एकेक शब्द लावला. "नमक. मिर्च. शक्कर." तिथे ते थांबले.

"गुरुजी, शक्कर म्हंजी साखरच न्हवं का?"

"होय आप्पा. साखरच."

"मग चहातली सोडली आन् मटणातनं खाल्ली की मी!"

वर्ग हसला. आप्पा हसले नाहीत. आम्हालाही हसू आले नाही. ते पाकीट किती तरी दिवस त्यांच्या घरात येत होते. आत काय आहे ते वर लिहिलेले होते. पण घरात वाचणारे कोणी नव्हते.

पाकीट कसे वाचावे

पाकिटावर आतल्या जिनसांची यादी असते. जो जिन्नस वजनाने सर्वांत जास्त, त्याचे नाव आधी येते. मग त्याहून कमी, मग त्याहून कमी. आप्पांच्या पाकिटावर पहिले नाव मिठाचे होते. म्हणजे मसाल्याच्या भावाने त्यांनी मीठच जास्त घेतले होते!

सगळ्याच तयार मसाल्यांत साखर नसते. काहींत असते. ती शर्करा, ग्लुकोज, डेक्स्ट्रोज अशा नावांनीही लिहिलेली असते. ही नावे वहीत उतरवून घ्या. यादी इंग्रजीत असेल तर शाळेत जाणाऱ्या नातवाला वाचायला सांगा. त्यात कमीपणा नाही.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. मसाल्यातून पोटात जाणारी साखर थोडीच असते. भाकरी आणि भात यांचीही शरीरात साखरच होते, आणि ती जास्त होते. म्हणून बिनसाखरेचा मसाला हे काही औषध नव्हे. डॉक्टरांच्या गोळ्या चालूच ठेवाव्यात. ताटातला भात बेतानेच घ्यावा. पण आपण काय खातो, हे माणसाला कळले पाहिजे. घरी केलेल्या मसाल्यात आपण घातले तेवढेच असते.

आता कोणी विचारील, मटणाच्या मसाल्यात साखर घालतात तरी कशाला? अमेरिकेत मांस मंद धुरावर तासन् तास शिजवतात. तिथे मसाल्यात साखर मिसळून ती मांसाला चोळण्याची पद्धत आहे. त्याने वरून तांबूस, गोडसर पापुद्रा येतो. आपण मटण तव्यावर नाहीतर पातेल्यात परततो. आपली आच मोठी असते. तिच्यावर साखर करपते आणि कडू लागते. आपल्याला रंग मिरची देते, वास गरम मसाला देतो. साखरेचे तिथे काही काम नाही.

जिनसा

सुमारे पाव किलो मसाल्यासाठी हे घ्या:

धने 100 ग्रॅम
ब्याडगी मिरची 50 ग्रॅम
लवंगी मिरची 25 ग्रॅम
जिरे 20 ग्रॅम
काळी मिरी 15 ग्रॅम
बडीशेप 15 ग्रॅम
दालचिनी 10 ग्रॅम
लवंग 5 ग्रॅम
मसाला वेलची 5 ग्रॅम
दगडफूल 5 ग्रॅम
तमालपत्र 4 पाने
हळद पूड 10 ग्रॅम
सुंठ पूड 10 ग्रॅम

ब्याडगी मिरचीला रंग जास्त, तिखटपणा कमी. लवंगी दिसायला लहान, पण झोंबते. घरात लेकरे असतील तर लवंगी निम्मी करा.

जिनसा होतील तेवढ्या अख्ख्या घ्या. अख्खा जिन्नस डोळ्यांना दिसतो. मिरीत पपईच्या वाळलेल्या बिया मिसळलेल्या असल्या तर निवडताना कळतात. त्या सुरकुतलेल्या आणि लांबट असतात. पूड झाल्यावर काही कळत नाही. मिरचीच्या पुडीत विटेची भुकटी मिसळणारेही आहेत. 2005 साली ब्रिटनमध्ये मिरचीच्या पुडीत सुदान नावाचा रंग सापडला. तो रंग खाण्याचा नव्हे. तिथल्या दुकानांतून शेकडो खाद्यपदार्थ परत घ्यावे लागले होते.

मिरची घेताना वास घ्या. देठाशी मोडून आत पाहा. आत पांढरी किंवा काळी बुरशी दिसली तर ती मिरची टाकून द्या. वाळवून वापरू नका. बुरशीचे विष उन्हाने जात नाही, भाजूनही पुरते जात नाही.

कृती

पहिले काम निवडण्याचे. खडे, काड्या, देठ काढा. मग सगळ्या जिनसा एक दिवस कडक उन्हात ठेवा. ओल राहिली तर मसाला टिकत नाही.

दुसरे काम भाजण्याचे. तवा मंद आचेवर ठेवा. तेल घालू नका. तेलाने मसाल्याच्या गुठळ्या होतात आणि पुढे त्याला खवट वास येतो. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजा. धने भाजायला वेळ लागतो, जिरे लवकर होते. दोन्ही एकत्र टाकले तर धने कच्चे राहतात आणि जिरे जळते. खमंग वास आला की उतरवा. मिरच्या कुरकुरीत होईपर्यंतच भाजा, काळ्या करू नका. दगडफूल आणि तमालपत्र नुसते गरम करा. हळद आणि सुंठ भाजू नका.

तिसरे काम थंड करण्याचे. इथे बरेच जण चुकतात. आम्हीही चुकलो होतो. एकदा आम्ही घाईने गरम मसालाच बरणीत भरला आणि झाकण लावले. आतल्या वाफेचे पाणी झाले. पंधरा दिवसांत वर बुरशी आली. सगळा मसाला उकिरड्यावर गेला. आमच्या सौ. म्हणाल्या, "गावाला शिकवता, आणि घरी हे असं?" तेव्हापासून भाजलेला जिन्नस परातीत पसरून तो पुरता निवेपर्यंत आम्ही हात लावत नाही.

चौथे काम कुटण्याचे. खलबत्ता चालेल, मिक्सरही चालेल. मिक्सर थांबून थांबून फिरवा, नाहीतर मसाला तापून वास उडतो. डंकावर नेलात तर स्वतः उभे राहा. आधीच्या माणसाचा मसाला झाडून घ्यायला लावा. नाकातोंडाला फडके बांधा. काम झाल्यावर हात साबणाने धुवा. तो हात डोळ्यांना लावू नका. शेवटी हळद आणि सुंठ मिसळून मसाला चाळा. निवला की बरणीत भरा.

या मसाल्यात आम्ही मीठ घालत नाही. एक तर मीठ ओल धरते. शिवाय घरात कोणाला रक्तदाबाचा त्रास असला तर त्याच्यापुरते मीठ कमी करता आले पाहिजे. ओले खोबरे, कांदा, लसूण यांतले काही घालू नका. ते मटण शिजवताना घालावे.

बरणी आणि चिठ्ठी

काचेची बरणी धुऊन उन्हात पुरती वाळवा. घट्ट झाकण हवे. चुलीपासून आणि उन्हापासून दूर ठेवा. आत ओला चमचा घालू नका. मसाला तीन-चार महिन्यांत संपवा. मग वास उतरतो.

बरणीवर चिठ्ठी लावा. तिच्यावर मसाल्याचे नाव लिहा, कुटल्याची तारीख लिहा. "साखर नाही, मीठ नाही" असेही लिहा. दुकानदाराच्या पाकिटावर नावे असतात, तर आपल्या बरणीवर का नसावीत?

मटणाला लावताना

एक किलो मटणाला मोठे चार चमचे मसाला पुरे. लागेल तेवढा मसाला आधी वाटीत काढून घ्या. कच्च्या मटणाचा हात किंवा चमचा बरणीत घालू नका. वाटीत उरलेला मसाला परत बरणीत टाकू नका, मटणातच घाला. मटणाचे पाणी निथळू द्या. मीठ आणि मसाला सगळीकडून चोळा. अर्धा तास झाकून ठेवा. उन्हाळ्यात जास्त वेळ बाहेर ठेवू नका. मग थोड्या तेलावर परता आणि झाकण ठेवून मऊ शिजवा. कोंबडी असेल तर हाडाजवळ लाली राहू देऊ नका. मसाला हाताळताना आणि मटण हाताळल्यावर हात धुवायला विसरू नका.

महिन्याने आप्पा वर्गाला आले तेव्हा त्यांच्या हातात बरणी होती. चिठ्ठी त्यांनी स्वतः लिहिली होती. अक्षर वाकडे होते, पण लांबून वाचता येत होते: "मटनाचा मसाला. साखर न्हाई."

आम्ही बरणी वर्गात फिरवली. सगळ्यांनी चिठ्ठी वाचली, मगच झाकण उघडून वास घेतला.

उत्तरे द्या

1. पाकिटावरच्या यादीत पहिले नाव कोणत्या जिनसाचे असते?
2. प्रत्येक जिन्नस वेगळा का भाजावा?
3. गरम मसाला बरणीत भरला तर काय होते?
4. मसाल्यात मीठ का घालू नये?

करून पाहा

घरातले कोणतेही एक पाकीट वर्गात आणा. त्यावरची यादी मोठ्याने वाचा. तुमच्या घरच्या मसाल्याच्या बरणीसाठी एक चिठ्ठी लिहा.