भोपळ्याचे वाद्य आणि ऐंशी वर्षांचा नेम

रोज तेच तेच म्हणून कंटाळा येत नाही का, असा प्रश्न नेमाने हरिपाठ म्हणणाऱ्याला घरातले एखादे तरुण पोर केव्हा ना केव्हा विचारतेच. आपण ‘तुला नाही कळायचे’ म्हणून त्याला वाटेला लावतो. पण पोराचा प्रश्न काही खोटा नसतो. जिभेला पाठ झालेली गोष्ट मनाला शिळी होते, हा अनुभव आपल्यालाही आहे. उगीच नाही म्हणू नये. या प्रश्नाचे एक चांगले उत्तर परमुलखातल्या एका वादकाच्या आठवणींत सापडते, म्हणून या वेळी त्या पुस्तकाचा थोडा अभ्यास करू.

पाब्लो कासाल्स हे त्या वादकाचे नाव. जन्म २९ डिसेंबर १८७६ चा, स्पेन देशाच्या कातालोनिया प्रांतातील व्हेंड्रेल या लहानशा गावी. ते चेलो वाजवीत. चेलो म्हणजे चार तारांचे, गजाने वाजवावयाचे मोठे वाद्य. खुर्चीवर बसून ते दोन्ही गुडघ्यांमध्ये उभे धरायचे. आवाज पुरुषाच्या गळ्यासारखा भरदार. पुस्तक १९७० साली इंग्रजीत निघाले. ‘जॉइज अँड सॉरोज’, म्हणजे सुखे आणि दुःखे, असे त्याचे नाव. कासाल्स बोलत गेले आणि आल्बर्ट कान या लेखकाने ते उतरवून घेतले. दुसऱ्याने लिहिले म्हणून त्याला कमीपणा येत नाही. ज्ञानेश्वरीलाही सच्चिदानंदबाबा लेखक लाभले होते, हे आपल्याला ठाऊकच आहे. उलट त्यामुळे म्हाताऱ्या माणसाच्या बोलण्याचा ओघ पुस्तकात जसाच्या तसा राहिला आहे.

बोलायला बसले तेव्हा कासाल्स त्र्याण्णव वर्षांचे होते. पहिल्याच प्रकरणात ते आपल्या सकाळीबद्दल सांगतात. उठावे, पियानोपाशी जावे आणि बाख या जर्मन संगीतकाराच्या चार लहान रचना वाजवाव्यात. दिवसाची सुरुवात अशी करीत त्यांना ऐंशी वर्षे झाली होती. रचना त्याच आणि बोटेही तीच. तरी ते म्हणतात की ही नुसती सवय नव्हे. या वाजवण्याने घरावर जणू आशीर्वाद उतरतो आणि रोज जग नव्याने सापडते. झाडाचे पान काल पाहिले म्हणून आज शिळे होत नाही, तसेच हे. वाचकहो, हे प्रकरण दोनदा वाचावे. नेम टिकतो तो मनाच्या जोरावर नव्हे, तर रोज काहीतरी नवे हाती लागते म्हणून टिकतो, असे हा माणूस सांगतो आहे. नवे हाती लागत नसेल तर उणीव पाहणाऱ्याच्या नजरेत असते, नेमात नसते.

आता त्यांच्या लहानपणाकडे वळू. वडील गावच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवीत. मुलाने ऑर्गन मागितला तेव्हा वडील म्हणाले, पाय खालच्या पट्ट्यांना पोचू देत, मग बस. पाय पोचायला नववे वर्ष उजाडले. त्याआधी एकदा गावात फिरते वादक आले. त्यांतला एक जण केरसुणीच्या दांड्याला तार बांधून ती वाजवीत होता. पोराने घरी येऊन हट्ट धरला. वडिलांनी गावच्या न्हाव्याच्या मदतीने एक वाळका भोपळा घेतला, त्याला दांडी आणि एक तार लावली, आणि पाब्लोचा पहिला चेलो झाला. वीणेचा भोपळा छातीशी धरून चालणाऱ्या आपल्या विणेकऱ्यांना ही गोष्ट मुद्दाम सांगावी.

वडिलांच्या मनात मुलाला सुतारकामाला लावायचे होते. संगीतावर पोट भरत नाही, हे त्यांना स्वतःच्या अनुभवाने कळले होते. आईने मात्र ऐकले नाही. ती मुलाला घेऊन बार्सिलोना शहरी गेली. तिथे तो रात्री एका कॅफेत वाजवी आणि दिवसा शिके. १८९० साली, तेराव्या वर्षी, बंदराजवळच्या एका जुन्या दुकानात त्याला बाखच्या सहा चेलो-रचनांची प्रत सापडली. लोक त्या रचनांना बोटांचा व्यायाम समजत. मैफलीत फार तर एखादा तुकडा वाजे. या मुलाने त्यांचा रोज अभ्यास केला आणि बारा वर्षे त्यांतली एकही रचना लोकांपुढे वाजवण्याचे धैर्य केले नाही. बारा वर्षे म्हणजे आपल्याकडचे एक तप! हल्ली चार अभंग पाठ झाले की माईक हातात हवा असतो. असो.

पुस्तकातली एक जागा मला फार आवडते. १९०१ साली अमेरिकेत एका डोंगरावर चढताना दगड कोसळला आणि त्यांच्या डाव्या हाताची बोटे चेचली. त्या क्षणी मनात पहिला विचार आला तो असा की, बरे झाले, आता वाजवायला नको. पुढे बोटे बरी झाली आणि वाजवणेही सुरू झाले. पण साधनेचा भार साधकालाही वाटतो, हे त्यांनी लपवले नाही. नेमावर प्रेम असूनही एखादे दिवशी त्यातून सुटका हवीशी वाटते. कोणाला तसे वाटले तर त्याने घाबरून जाऊ नये.

मधल्या भागात राजेराण्यांच्या भेटी बऱ्याच आहेत. त्या भरभर वाचल्या तरी चालतील. मात्र १९२६ साली त्यांनी बार्सिलोनाच्या कामगारांसाठी स्वस्त मैफलींची संस्था काढली, तो भाग सोडू नये.

खरी कसोटी लागली ती १९३६ साली. १८ जुलैच्या संध्याकाळी बेथोव्हनच्या नवव्या सिंफनीची तालीम चालू होती. निरोप आला: लष्कराचे बंड झाले आहे, ताबडतोब घरी जा. कासाल्सनी वादकांना आणि गायकांना विचारले, पुन्हा भेट होईल न होईल, हे पुरे करूनच जायचे का? सगळे हो म्हणाले. माणसे भाऊ भाऊ आहेत, असे सांगणारा शेवटचा भाग त्यांनी वाजवला आणि गायला, तेव्हा डोळ्यांतल्या पाण्याने स्वरलिपी दिसेनाशी झाली होती.

बंड जिंकले. एका सेनापतीने रेडिओवरून धमकी दिली होती की कासाल्स सापडले तर कोपरापासून हात तोडू. १९३९ पासून ते सरहद्दीपलीकडे फ्रान्समधील प्राद गावी राहिले आणि छावण्यांत अडकलेल्या देशबांधवांसाठी मदतीची पत्रे लिहीत बसले. जर्मन अधिकारी घरी येऊन आमच्या देशात वाजवायला चला म्हणाले, तेव्हा संधिवाताचे कारण सांगून त्यांनी नकार दिला. १९४५ साली युद्ध संपले, तरी जिंकलेल्या राष्ट्रांनी स्पेनच्या हुकूमशहाला हात लावला नाही. तेव्हा त्यांनी जाहीर वादनच थांबवले. पैसा, मान, बोलावणी, सारे दारातून परत गेले.

इथे थांबून विचार करावा. ज्याचे सगळे जगणे वाजवण्यात, त्याने न वाजवणे म्हणजे काय? मैफल बंद झाली, पण ऐंशी वर्षांचा जो हिशेब त्यांनी दिला आहे त्यात ही वर्षेही येतात. सकाळचा बाख ऐकायला कोणी नव्हते. टाळ्यांसाठी वाजवणारा माणूस असा गप्प बसू शकला नसता. दोन वर्षांत कुठलीतरी सबब काढून परत व्यासपीठावर चढला असता. सकाळी जे मिळायचे ते मिळतच होते, म्हणून त्यांना बाकीचे सोडता आले, असे मला वाटते.

ते गावाबाहेर पडेनात, तेव्हा लोकच त्यांच्याकडे गेले. १९५० साली, बाखच्या मृत्यूला दोनशे वर्षे झाली तेव्हा, निरनिराळ्या देशांतले वादक प्रादला जमले आणि गावच्या चर्चमध्ये उत्सव झाला. पुढे ते आईच्या जन्मभूमीत, पोर्तो रिकोत, राहायला गेले. २२ ऑक्टोबर १९७३ रोजी, शहाण्णवाव्या वर्षी, ते तेथेच वारले. हुकूमशहा फ्रँको १९७५ साली मेला. १९७९ साली कासाल्सचा देह व्हेंड्रेलला, ज्या गावी भोपळ्याला तार लावली गेली त्या गावी, परत आणला.